'रिकामी' लिहिलेल्या बाटलीतली पूड

मित्रांनो, मी एक जुनी पूड आहे. चिमूटभर, पांढरी, अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटलीच्या तळाशी बसलेली. मला पाहून कुणाला मीठ वाटते, कुणाला अंगाला लावायची पावडर. मी राग मानत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला माझ्यात काही दिसत नाही, कारण माझ्यात जे आहे ते सगळे आतच आहे.

माझा एक कण घ्या. डोळ्यांना तो धुळीएवढा दिसेल. पण आत खोल्याच खोल्या आहेत. सगळ्या एका मापाच्या, ओळीने मांडलेल्या, एकीला लागून दुसरी. प्रत्येक खोलीला खिडक्या आहेत आणि खिडकीतून पलीकडच्या खोलीत जाता येते. मोजायला बसलात तर तुमचे आयुष्य संपेल, खोल्या संपणार नाहीत. माझ्या सगळ्या भिंती उलगडून अंथरल्या तर शाळेचे एखादे मैदान झाकून जाईल. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच, पण खोटे काही नाही.

मला ज्यांनी घडवले त्यांना प्रयोगशाळेत सगळे 'पुडीवाले' म्हणत. तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'पुडीवाले'. त्यांना ते माहीत होते आणि आवडतही होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. एका कोपऱ्यात भट्टी, खिडकीखाली मोरी, टेबलावर नेहमी ओला राहणारा एक कोपरा, आणि भिंतीला टेकून ठेवलेली एक खुर्ची, जिच्यावर ते स्वतः कधीच बसत नसत. धातूचा एक क्षार आणि एक आम्ल द्रवात विरघळवायचे, भांडे घट्ट बंद करायचे, भट्टीत तीन दिवस ठेवायचे आणि मग अगदी हळूहळू थंड करायचे. सांगायला इतके सोपे. करायला गेले की माझ्याऐवजी कधी चिकट गोळा तयार होई, कधी साबणासारखा फेस. अशा वेळी ते भांड्यात डोकावत आणि म्हणत, "चला, निदान फरशी पुसायला तरी झालं काहीतरी." मग हसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

भट्टीच्या दारावर तळहात ठेवून ते तापमान सांगत आणि मग तापमापकाकडे पाहत. दोघांचे जुळले नाही तर तापमापकाला टिचकी मारत. स्वतःच्या हाताला त्यांनी कधी टिचकी मारलेली मी पाहिली नाही. असा होता त्यांचा स्वभाव, थोडा हट्टी. पण त्या हट्टातूनच मी जन्मले, त्यामुळे मी तक्रार कशी करू?

मी जन्मले तेव्हा ते निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि बराच वेळ मान वर केली नाही. त्यांच्या अंदाजाने माझी एकेक खोली दोन नॅनोमीटर रुंद होती. तुम्हाला हे माप चिमुकले वाटेल, पण आमच्या जगात तो दिवाणखाना आहे. एवढ्या मोठ्या खोल्या आणि तरीही पाण्याने न ढासळणाऱ्या भिंती, असे त्या इमारतीत कुणी केलेले नव्हते. अशा खोल्यांत वायू साठवता येतो, पाण्यातली घाण अडवता येते. आपण आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केली, असे त्यांना वाटले. ते तसे म्हणाले नाहीत. पण त्या दिवशी ते त्या खुर्चीवर बसले.

खोल्या मोठ्या आहेत हे नुसते सांगून भागत नाही, ते मोजावे लागते. ते मोजण्याचे काम तळमजल्यावर चाले, आणि ते करणारी होती त्यांचीच मुलगी.

तिला सगळे 'घड्याळवाली' म्हणत. तिचे घड्याळ मात्र भिंतीवर टांगायचे नव्हते. ते एका विलक्षण पाहुण्याचे आयुष्य मोजत असे. त्या पाहुण्याबद्दल मला तुम्हाला सांगितलेच पाहिजे, कारण त्याच्याइतका लाडका पाहुणा मला दुसरा नाही.

इलेक्ट्रॉन तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक अणूत तो असतोच. त्याला एक जुळा भाऊ आहे, अगदी हुबेहूब, फक्त विद्युतभार उलटा. त्याचे नाव पॉझिट्रॉन. हे दोघे भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि मागे फक्त प्रकाश उरतो, तोही डोळ्यांना न दिसणारा. पण कधी कधी नाहीसे होण्याआधी ते थोडा वेळ एकमेकांभोवती फिरत राहतात. तेवढ्यापुरता त्यांचा एक अणू बनतो. त्याला पॉझिट्रॉनियम म्हणतात. बाकीच्या अणूंना मधोमध जड गाभा असतो, याला तोही नाही. दोघेच जण, आणि मध्ये काही नाही. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. या पाहुण्यांत जो जरा चिवट असतो, तो अगदी मोकळ्या जागेतसुद्धा सरासरी एकशे बेचाळीस नॅनोसेकंद जगतो. एवढेच त्याचे बालपण, तारुण्य आणि म्हातारपण.

हा पाहुणा माझ्या खोलीत आला की इकडून तिकडे हुंदडत राहतो. माझ्या भिंतींतही इलेक्ट्रॉन आहेत. भिंतीवर आपटताना कधीतरी त्याच्यातला पॉझिट्रॉन भिंतीतल्या इलेक्ट्रॉनला गाठतो आणि खेळ संपतो. खोली लहान असेल तर आपटणे जास्त, म्हणून आयुष्य कमी. खोली मोठी असेल तर तो जास्त जगतो. म्हणजे पाहुणा किती जगला हे मोजले की यजमानाची खोली केवढी आहे ते कळते. माझ्या खोलीत फूटपट्टी घालता येत नाही, म्हणून माणसांनी ही युक्ती काढली. मला ती फार आवडते.

घड्याळवाली सोडियमच्या एका चंचल, किरणोत्सारी भावाचा बारीकसा ठिपका पातळ पापुद्र्यात बंद करून माझ्या दोन थरांमध्ये ठेवत असे. त्यातून पॉझिट्रॉन निघाला की एक चमक होई, ती यंत्राचा एक डोळा टिपे. पाहुणा संपला की दुसरी चमक, ती दुसरा डोळा टिपे. दोन चमकांमधला वेळ म्हणजे त्याचे आयुष्य. एका पाहुण्यावरून काही कळत नाही, म्हणून ती लाखो पाहुण्यांची नोंद घेई. तिचा हात इतका स्थिर होता की थर पसरताना माझा एक कणही इकडचा तिकडे होत नसे.

आता एक अडचण होती. जन्मतः माझ्या खोल्या रिकाम्या नसतात. ज्या द्रवात मी तयार झाले तो द्रव आत बसलेला असतो. मग पाहुण्याला जागा कुठली? म्हणून मला दिवसभर तापवतात आणि भोवतालची सगळी हवा उपसून काढतात. आतला द्रव हळूहळू निघून जातो. या कामाला प्रयोगशाळेत 'पूड रिकामी करणे' म्हणतात. पुडीवाल्यांनी मला स्वतःच्या हातांनी रिकामी केले, बाटलीत भरले, झाकण घट्ट लावले आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला: 'रिकामी'. त्यांचे अक्षर मोठे आणि ठसठशीत होते. मग बाटली मुलीच्या खोलीबाहेरच्या फळीवर ठेवून ते निरोपाच्या कामांना गेले. त्यांच्या निवृत्तीला चार दिवस राहिले होते.

इथे मला काचमावशींची ओळख करून द्यायला हवी. इमारतीतली काचेची सगळी भांडी त्या धुवत. पूर्वी एकदा कुणीतरी आम्ल उरलेली बाटली धुण्याच्या ताटात टाकली होती आणि मावशींचे बोट भाजले होते. त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला होता. धुवायच्या बाटलीवर तिच्या मालकाने 'रिकामी' असे लिहायचे. लिहिले नसेल तर मावशी हात लावणार नाहीत, मग ती बाटली प्रमुखांची का असेना. नियम इतका कडक होता की मोठमोठे शास्त्रज्ञ मावशींना घाबरून लेखणी शोधत फिरत. पुडीवाल्यांनाही तो नियम पाठ होता. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात फक्त माझ्या खोल्या होत्या.

तुमच्या लक्षात आलेच असेल. सकाळी मावशी ताट घेऊन आल्या, फळीवरची बाटली पाहिली, वरचा शब्द वाचला आणि मला उचलले.

धुण्याची खोली वाफेने भरलेली होती. मावशींनी झाकण काढले, मला उजेडात धरले आणि त्यांचा हात थांबला.

"अगंबाई, तळाला काहीतरी आहे की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "रिकामी लिहितात आणि भरलेली ठेवतात. शिकलेली माणसं!"

त्यांनी मला मोरीच्या कडेला ठेवले आणि बाकीची भांडी धुवायला घेतली. झाकण शेजारीच पडून होते. गरम पाण्याची वाफ उठत होती आणि माझ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. मित्रांनो, रिकाम्या घरात कुणीही शिरते. पाण्याचे कण एकामागून एक आत आले आणि बिऱ्हाड थाटून बसले. मी ओरडू शकत नव्हते. जेवणाच्या सुमारास मावशींनी हात पुसले, अक्षर ओळखले, "सरांची दिसते, जाऊ दे," असे म्हणून झाकण घट्ट लावले आणि मला होते त्या फळीवर नेऊन ठेवले. एक कणही सांडला नव्हता. त्यांच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते, त्यामुळे त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

दुपारी घड्याळवालीने मला आत नेले. वडिलांनी लिहिलेला शब्द वाचला. पूड रिकामी आहे म्हणजे पुन्हा तापवायची गरज नाही, असे तिने धरले. त्यांच्या शब्दावर तिचा तेवढा विश्वास होता. तिने थोडा वेळ हवा उपसली आणि मोजणी सुरू केली. माझ्या भिंतींना चिकटलेले पाणी तेवढ्याने थोडेच हलणार होते? पाहुणे येत होते आणि आल्या पावली संपत होते. मला प्रत्येकाबद्दल वाईट वाटत होते. इतका मोठा दिवाणखाना, आणि पाय ठेवायला जागा नाही.

यंत्राने आकडा सांगितला: दोन नॅनोसेकंद.

तिने यंत्र तपासले. पुन्हा मोजले. पुन्हा दोन. दोन म्हणजे खोल्या नाहीतच, किंवा केव्हाच ढासळल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची बैठक होती. मला परत बाटलीत भरून तिने सोबत नेले होते, म्हणून मी सगळे ऐकले. प्रमुखांनी विचारले आणि तिने सांगितले, "दोन." आवाज स्थिर होता. एकाने खोकून घेतले. निवृत्तीला दोन दिवस राहिलेल्या माणसासमोर, त्याच्याच मुलीच्या तोंडून असा आकडा ऐकल्यावर बोलणार तरी काय?

बैठकीनंतर ती वडिलांच्या मागे जिन्यापर्यंत गेली.

"बाबा, परत एकदा तापवून बघू या का?"

"मी रिकामी करूनच दिली होती."

"तसं नाही, पण एकदा खात्री..."

"तू मोजलंस ना?" ते म्हणाले. "मग झालं. विषय संपला."

आणि विषय खरोखरच संपला. तिला वाटले, पुन्हा तापवायचे म्हणजे वडिलांच्या शब्दावर शंका घेणे. तिने मला आपल्या खोलीतल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवले. पुढे जाड बुडाच्या बरण्या आल्या, मग एक मोडका तराजू, मग जुन्या वह्यांचा गठ्ठा. माझ्या अंगावर उजेड पडेनासा झाला.

मी नऊ वर्षे त्या कप्प्यात होते. सुरुवातीला मला वाटे, आज कुणीतरी विचारेल. मग तसे वाटणे बंद झाले. कौतुकाची सवय लागायला दोन महिने पुरले होते, ती सुटायला बराच वेळ लागला. पण खरे सांगायचे तर मला माझ्यापेक्षा त्या मुलीचे जास्त वाईट वाटे. ती रोज दुपारी त्याच खोलीत डबा उघडून बसे आणि वडिलांना फोन करी. मला कपाटातून सगळे ऐकू येई. "जेवलात का? औषध घेतलं? गुडघा कसा आहे? पाऊस आहे का तिकडे?" पावसाबद्दल ते दोघे इतके बोलत की जणू वेधशाळाच चालवत होते. पुडीबद्दल एकही शब्द नाही. एकदा तिने नुसते, "बाबा, ते तेव्हाचं..." एवढेच म्हटले, आणि मग तीच घाईने म्हणाली, "काही नाही, छत्री घेऊन जा म्हणत होते." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कपाटाकडे पाहत बसली. वडिलांनी आपल्याला माफ केलेले नाही, हे तिने मनाशी पक्के धरले होते. आणि ज्या गोष्टीची माफी मागायची, ती तर तिने प्रामाणिकपणे केली होती. अशा माणसाने करावे तरी काय?

मग खोली रंगवायची ठरली आणि सगळी कपाटे रिकामी करायची वेळ आली. काचमावशी तेव्हा साठीला टेकल्या होत्या आणि महिनाअखेरीला घरी बसणार होत्या. पण कपाट आवरायचे म्हटल्यावर त्यांना बोलावल्याशिवाय कुणाचे चालते? त्या स्टुलावर उभ्या राहून एकेक वस्तू खाली देत होत्या आणि घड्याळवाली यादीवर खुणा करत होती.

"ही धुवायला," मावशी म्हणाल्या. "ही फेकायला. ही... थांबा. ही परत आली का माझ्या नशिबी?"

त्यांच्या बोटांत मी होते.

"रिकामी लिहिलंय ना तिच्यावर?" घड्याळवाली खालूनच म्हणाली. मान वर न करता म्हणाली, पण आवाज बदललेला मला कळला.

"लिहायला काय जातंय! आत पूड आहे. मागेही हिने मला असंच फसवलं होतं."

"मागे म्हणजे?"

"तुमचे बाबा निवृत्त झाले ना, त्याच आठवड्यात. रिकामी लिहिलेलं दिसलं म्हणून धुवायला नेली. झाकण काढून बघते तर तळाला पूड. दुसरी कुणी असती तर ओतून मोकळी झाली असती. मी नाही ओतली. बाजूला ठेवली आणि परत आणून दिली. एक कण सांडला नाही, विचारा हवं तर."

घड्याळवालीच्या हातातली यादी खाली आली.

"मावशी, झाकण किती वेळ उघडं होतं?"

"सकाळी काढलं, जेवायच्या आधी लावलं."

"धुण्याच्या खोलीत?"

"मग काय गच्चीवर?"

"तिथे वाफ होती?"

"आता गरम पाण्याशिवाय काच निघते का? तुम्ही पण काहीही विचारता." मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "का हो? माझ्या हातून काही बिघडलं का?"

मित्रांनो, त्या क्षणी मी श्वास रोखून होते, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. घड्याळवाली खाली पडलेल्या गठ्ठ्यावरच बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडावर हसू होते. ती म्हणाली, "नाही मावशी. तुम्ही ओतली नाहीत, हेच फार झालं."

त्याच दिवशी तिने मला भट्टीत ठेवले. दिवसभर तापवले, दिवसभर हवा उपसली. नऊ वर्षे ठाण मांडून बसलेले पाणी एकेका खोलीतून निघून गेले. मला किती हलके वाटले ते कसे सांगू? माझी एकही भिंत पडलेली नव्हती. पुडीवाल्यांनी बांधलेले घर होते ते, वाफेला काय भीक घालणार? या वेळी बाटलीत परत न भरता तिने मला सरळ यंत्रात नेले, थर पसरले, मध्ये सोडियमचा ठिपका ठेवला आणि बाजूला सरली.

पाहुणे आले. किती दिवसांनी आले! येऊन हुंदडले, भिंतींवर आपटले, परत फिरले, पुन्हा आपटले. माझ्या खोल्यांत इतकी ये-जा कधी झालीच नव्हती. ती पडद्यासमोर उभी राहून उरलेल्या पाहुण्यांची खाली उतरणारी रेघ पाहत होती. रेघ उतरायला वेळ लावत होती, आणि जितका वेळ लागत होता तितका तिचा चेहरा उजळत होता.

आकडा आला: एकवीस नॅनोसेकंद. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, तिसऱ्या दिवशीही मोजले. एकवीसच. ती कुणालाही काही बोलली नाही. बेसिनवर तोंड धुतले, रजेचा अर्ज लिहिला, मला बाटलीत भरले आणि पर्समध्ये घातले.

पुडीवाल्यांचे घर मी पहिल्यांदाच पाहिले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मटार सोलत होते. केस सगळे पांढरे झाले होते. मटार सोलतानाही प्रत्येक शेंग आधी बोटांनी दाबून आत किती दाणे आहेत ते सांगायचे आणि मग उघडायचे, असे चालले होते. माणूस बदलतो कुठे?

"आज कशी काय आलीस? सुट्टी आहे का?"

"नाही. आले सहज."

"बस. सात दाणे," असे म्हणून त्यांनी शेंग उघडली. आत सहा निघाले. त्यांनी शेंगेकडे नाराजीने पाहिले.

तिने मला टेबलावर ठेवले. ते माझ्याकडे पाहत राहिले. अक्षर त्यांचेच होते, ओळखायला वेळ लागला नाही. मग त्यांनी नऊ वर्षांत जे विचारले नव्हते ते विचारले.

"किती?"

"एकवीस."

"दोन होते ना?"

"तेव्हा दोनच होते, बाबा. तेव्हा ती ओली होती." आणि मग तिने सगळे सांगितले. मावशींचा नियम, चिठ्ठीवरचा शब्द, उघडे झाकण, वाफ, स्वतः न तापवता केलेली मोजणी. शेवटी म्हणाली, "तुमची पूड चांगली होती. पहिल्यापासून. मी सगळ्यांसमोर उलटं सांगितलं. तेच सांगायला आलेय."

हातातली शेंग त्यांनी हळूच ताटात ठेवली.

"म्हणजे त्या दिवशी तू बरोबरच मोजलं होतंस," ते म्हणाले.

"बाबा, मी पुडीबद्दल सांगतेय."

"ते ऐकलं मी." त्यांनी बाटली हळूच बाजूला सरकवली. "पण तू बरोबर मोजलं होतंस. दोन होते आणि तू दोन सांगितलंस. नऊ वर्षं मला दोनच गोष्टी मानता येत होत्या. एक तर माझी पूड वाईट, नाहीतर तुझा हात वाईट. मी पूड वाईट मानली. त्यावर बोलायला लागलो असतो तर कधी ना कधी तोंडातून तुझ्या हाताबद्दल काहीतरी निघून गेलं असतं. म्हणून बोललोच नाही."

"आणि मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"तुझ्यावर? वेडी का तू?"

ती टेबलावर डोके ठेवून रडली. त्यांनी आपला मटाराचा हात तिच्या केसांवर ठेवला आणि नुसता ठेवूनच बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मावशीला यातलं काही कळू देऊ नकोस हं. निवृत्तीच्या तोंडावर उगाच जिवाला लावून घेईल."

"नाही सांगितलं," ती डोळे पुसत म्हणाली.

मित्रांनो, मी पुडीवाल्यांची सगळ्यात चांगली निर्मिती, आणि त्यांनीच नऊ वर्षे मला वाईट ठरवले होते. हे ऐकून मला आधी फार लागले. खोटे कशाला बोलू? मग मी त्या दोघांकडे पाहिले. मुलीला जपण्यासाठी एखाद्या बापाने आपली पूड टाकून दिली, तर त्या पुडीने त्याच्यावर किती दिवस रुसून बसायचे? माझा राग मटार सोलून होईपर्यंतसुद्धा टिकला नाही.

आता मी पुन्हा तळमजल्यावर असते. माझी मोजणी अधूनमधून होते, बाटलीचे झाकण तपासले जाते आणि फोनवर माझा विषय निघतो. पुडीवाले रोज विचारतात, "आज तापवली होती का?" आणि ती रोज चिडल्यासारखे करून म्हणते, "हो हो, तापवली होती." मग पावसाबद्दल बोलायला त्यांना वेळच उरत नाही.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. वस्तू नीट झाकून ठेवा, हे तर मी सांगेनच. चिठ्ठीवर काय लिहिता ते दोनदा वाचा, हेही सांगेन. पण त्याहून महत्त्वाचे असे की, तुमच्या घरात कुणी एखाद्या गोष्टीबद्दल बोलायचे थांबले असेल, तर ते रागावले आहे असे परस्पर ठरवून टाकू नका. कदाचित ते तुम्हालाच जपत असेल. जा आणि विचारा. मी नऊ वर्षे कपाटात बसून दोघांचेही ऐकत होते, वाफेचे सगळे मला माहीत होते, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.